वहीतून गाळलेलं घनफळ

इंटर सायन्सच्या रसायनशास्त्राच्या पेपराआधी आठ दिवस मी जेवले नाही, असं आई पुढं सगळ्यांना सांगत असे. ते खरं नाही. जेवत होते, फक्त घास तोंडात फिरत राहायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलावा लागायचा. आईला वाटायचं, पोरगी नापास होण्याला भिते. नापास होण्याची भीती मला नव्हतीच. आपण नापास होणाऱ्यांतल्या नाही, हे मला फार चांगलं ठाऊक होतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला होता.

चांद्याला तेव्हा कॉलेज नवीनच निघालं होतं. सायन्सला आम्ही अकरा जण, त्यात मुलगी मी एकटी. रसायनशास्त्र शिकवायला नागपूरहून एक तरुण प्राध्यापक आले होते. दसऱ्यापर्यंत त्यांना तीनदा हिवताप आला. चौथ्यांदा आला तेव्हा ते सुट्टी घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. त्यांच्या जागी कोणी येईना. चांद्याला बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, असं नागपूरची माणसं समजत. अर्धा अभ्यासक्रम शिकवायचा राहिला होता आणि पुस्तक सगळ्या कॉलेजात एकच होतं, तेही कपाटात कुलूपबंद.

मग प्राचार्यांनी तोड काढली. एकानं पुस्तक घरी न्यायचं, धडा वहीत नीट उतरवायचा आणि दुपारी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. माझं अक्षर चांगलं आणि नंबर पहिला, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. अठराव्या वर्षी आपण बोलू ते दहा पुरुषमाणसं मान खाली घालून लिहून घेतात, म्हटल्यावर डोकं ठिकाणावर राहणं अवघडच. माझं राहिलं नाही.

दिवाळीनंतर इक्विलिब्रियमचा धडा आला. भांड्यात दोन पदार्थ एकत्र येऊन तिसरा बनतो, आणि तो बनता बनता मोडून पुन्हा पहिले दोन तयार होतात. शेवटी बनणं आणि मोडणं सारख्याच वेगानं चालू राहतं. त्या वेळी भांड्यात कोण किती उरलंय, यावरून एक आकडा काढायचा. त्याला आम्ही नुसतं 'के' म्हणत असू. पुस्तकातल्या सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणात आधी पदार्थाच्या मापाला भांड्याच्या घनफळानं भागलेलं असे, मग ते आकडे सूत्रात घातलेले असत. मी दोन उदाहरणं उतरवली. एक हायड्रोजन आणि आयोडिनचं, दुसरं व्हिनेगारमधल्या आम्लाचं आणि अल्कोहोलचं. दोन्हींत घनफळ वरही यायचं, खालीही यायचं आणि शेवटी उडून जायचं. जे उडणारच ते लिहायचं कशाला? मी घनफळाची ओळच गाळून टाकली. कागद वाचला, वेळ वाचला. पुढं एक लांबलचक परिच्छेद होता, तो किचकट वाटला म्हणून तोही गाळला. परीक्षेला हे येत नाही, असं माझं मीच ठरवलं.

वाचून दाखवताना दहाजणांतल्या एकानंच मला अडवलं. ते आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे, तिशी ओलांडलेले, प्राथमिक शाळेतले मास्तर. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. वैनगंगेपलीकडच्या ढिवराच्या घरातले. बाप, भाऊ सगळे तळ्यात जाळं टाकून जगणारे. बिनपगारी रजा काढून ते इंटरला बसले होते. एकदा आधी बसून रसायनशास्त्रातच नापास झाले होते.

"बाई," ते म्हणाले, "इथी घनफळानं भागलं नाई."

"शेवटी उडतंच ते, गुरुजी."

"उडन. पण आधी लिवा लागन ना? तळ्यात मासे किती हायेत ते सांगून काय कराचं, तळं केवढं हाये ते सांगतल्याबिगर?"

हे ते अगदी सरळपणानं म्हणाले होते. मी वहीतून मान वर करून म्हटलं, "गुरुजी, हे रसायनशास्त्र आहे. इथं जाळं टाकायचं नसतं."

सगळा वर्ग खो खो हसला. गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं. नंतर मी मुद्दाम त्यांची वही मागून पाहिली. घनफळाची ओळ नव्हती. शहाण्यासारखं ऐकलं त्यांनी, असं मला वाटलं, आणि मी तसं त्यांना म्हणालेसुद्धा. त्यानंतर त्यांनी मला कधी अडवलं नाही.

त्यांचं काय पणाला लागलं होतं, हे मला संक्रांतीच्या सुमारास कळलं. तिळगूळ द्यायला ते घरी आले होते, तेव्हा माझ्या वडिलांपाशी बसून बोलत होते. त्यांच्या तालुक्याच्या गावी हायस्कूल निघत होतं. इंटर झाले तर तिथं जागा मिळणार होती. नाही झाले तर पुन्हा त्याच एकशिक्षकी शाळेवर जायचं, दूर दक्षिणेच्या जंगलात, जिथं ना रस्ता ना डॉक्टर. त्या गावात त्यांची दोन लेकरं तापानं गेली होती.

"तिथी परत गेलो तं बायको येनार नाई," ते म्हणाले. "तिनं सांगून ठेवलं हाये. अन् रजा बी आता परत भेटनार नाई, भाऊ. एवढाच डाव हाये."

हे मी ऐकलं आणि मला त्यांची दया आली. दयाच म्हणते, कारण त्या वेळी मी त्यांना खालीच पाहत होते. म्हटलं, माझी वही आहे ना त्यांच्याजवळ, होतील पास.

परीक्षेच्या सुट्टीत गुरुजी गावी गेले. मी घरी धड्यांच्या शेवटची उदाहरणं सोडवायला घेतली. चैत्रातली दुपार, दारं लावून घेतलेली, वाळ्याच्या पडद्यावर आई मधून मधून पाणी मारत होती. उदाहरण फॉस्फरस पेंटाक्लोराइडचं होतं. पाच लिटरच्या भांड्यात तो तापवल्यावर मोडतो. मी चुटकीसरशी सोडवलं आणि मागचं उत्तर पाहिलं. जुळेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. छापखान्याची चूक, असं म्हणून मी पुढच्याकडं गेले. तिथं दुसराच वायू होता आणि भांडं दहा लिटरचं. तेही जुळेना. आता छापखान्यावर राग काढत मी दोन्ही उत्तरं शेजारी मांडली. माझं पहिलं उत्तर पुस्तकातल्यापेक्षा पाचपट मोठं होतं. दुसरं दहापट.

पाच लिटर. दहा लिटर.

मी उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. एका पदार्थाचे दोन होतात तिथं घनफळ उडत नाही, खाली उरतं. तोच तो परिच्छेद होता, जो मी किचकट म्हणून गाळला होता. तो काढून वाचला. सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुस्तक बरोबर होतं, छापखाना बरोबर होता, तळ्याचं विचारणारे गुरुजी बरोबर होते. चुकलेली मी एकटी होते आणि माझी चूक दहा वह्यांत उतरली होती.

चांद्यातल्या नऊ जणांना मी दोन दिवसांत गाठलं. पण कसं, ते सांगायला आजही लाज वाटते. 'माझी चूक झाली' हे शब्द तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "एक आणखी पक्की रीत सापडली आहे, घनफळानं भागायची. हीच वापरा." त्यांनी ऐकून घेतलं. 'बरं' म्हणाले. कोणी काही विचारलं नाही, आणि प्रश्न आला नाही याचंच मला हायसं वाटलं.

गुरुजींना मात्र हे सांगता येणार नव्हतं. नवीन रीत म्हणून मी कोणाला काय सांगणार होते? ती त्यांचीच होती. बरोबर चालणाऱ्या माणसाचा हात धरून मी त्याला वर्गाच्या हशात चुकीच्या वाटेला लावलं होतं. त्या पेपरात असलं एखादं उदाहरण आलं, आणि ते येणारच असं आता मला वाटू लागलं होतं, तर ते माझ्या रीतीनं सोडवतील. दहा मार्कांनी माणूस नापास होतो. मग ती शाळा, ते जंगल, न येणारी बायको. मला डोळे मिटले की दोन लहान मुलं दिसायची. मी ती कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

शेवटी खरं काय ते लिहून मी त्यांना पत्र टाकलं. त्यांच्या गावाला टपाल आठवड्यातून एकदा जात असे, हे पत्र टाकल्यावर कळलं. चार दिवस मी पोस्टमनची वाट पाहिली. पाचव्या दिवशी वडिलांना सगळं सांगून टाकलं.

वडील जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. सागाच्या ओंडक्यांची लांबी आणि गोलाई मोजून घनफूट काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मी रागावण्याची वाट पाहत होते. ते म्हणाले, "माझ्या पोरीनं घनफळ गाळलं म्हनते!" आणि पानाचा डबा बाजूला सारून उभे राहिले. "उद्या पहिल्या मोटारीनं जाऊ."

मोटार आम्हाला मूल आणि सावली या गावांवरून वैनगंगेच्या घाटापर्यंत घेऊन गेली. रस्त्याकडेच्या मोहाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. मोटारीत एक जण सांगत होता, की आदल्या दिवशी अस्वलानं मोह वेचणाऱ्या एका बाईला फाडलं. दुसऱ्या वेळी मी कान टवकारून ऐकलं असतं. त्या दिवशी मला एवढंच समजलं, की नदीपलीकडं पाच कोस पायी जायचं आहे ते अशाच मोहांखालून, आणि माझ्यापायी वडील त्यात निघाले आहेत. मला वाटू लागलं, माझ्या त्या एका गाळलेल्या ओळीला किती माणसं पुरणार आहेत कोण जाणे. मी वडिलांना म्हटलं, परत जाऊ. ते म्हणाले, "आता काऊन? निघालो तं निघालो."

पात्र आटलं होतं, पण मधल्या धारेला डोंगा लागत होता. डोंगेवाला ढिवर होता. गुरुजींचं नाव काढताच त्यानं वल्हं थांबवलं.

"गुरुजी? ते परवाच उतरले न जी. मीच तं आनून सोडलं त्याहिले ह्या काठावर. परीक्षा हाये म्हने."

"चांद्याला गेले?"

"हो जी. पोथ्या-पुस्तकं घेऊन गेले."

परतीच्या मोटारीत माझी भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. दोन दिवस ते चांद्यात होते. चांद्यात आले की ते आमच्या घरी येत, वडिलांशी पान खात. या वेळी आले नव्हते. जुनी खोली त्यांनी सुट्टीला जातानाच सोडली होती; आता उतरले कुठं, तेही कोणाला माहीत नव्हतं. मी नऊ जणांकडं निरोप ठेवले, देवळांच्या ओवऱ्या पाहून आले, धर्मशाळेत विचारून आले. पत्ता लागला नाही. ते आजारी पडले असतील, असंही मनात आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते अभ्यास करत बसले असतील, माझीच वही पाठ करत असतील.

पेपराच्या दिवशी मी दीड तास आधी जाऊन फाटकाशी उभी राहिले. ऊन आत्तापासूनच चटके देत होतं. एकेक जण आला. नऊ आले. पेपराला पंधरा मिनिटं उरली तेव्हा गुरुजी येताना दिसले, धुतलेलं धोतर, हातात दौत. मी धावले. बघणारे काय म्हणतील, याचं भानसुद्धा राहिलं नाही.

"गुरुजी, माझं चुकलं. घनफळ उडत नाही. म्हणजे काहींत उडतं, पेंटाक्लोराइडमध्ये नाही उडत. तुमचंच बरोबर होतं. भागून घ्या, सगळ्यांत भागून घ्या. मी तुमची थट्टा करायला नको होती." हे सगळं मी एका दमात बोलले आणि रडायला लागले.

गुरुजी जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा उजळेल, निदान ते रागावतील, असं मला वाटलं होतं. ते खाली मातीत पाहू लागले.

"मले मालूम हाये, बाई," ते म्हणाले.

"पत्र मिळालं?"

"पत्र नाई भेटलं. मले पयलेपासूनच मालूम होतं. तुमच्यासमोर तसं लिवत होतो; खोलीवर जाऊन मांगून घनफळ घालत होतो. संक्रांतीच्या वक्ताले मूलच्या एका मास्तराजवळ जुनं पुस्तक पाह्यलं, तवा पक्कंच झालं."

मला आधी नुसतं हलकं वाटलं. ते पास होणार होते. आठ दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं होतं न एक डाव." ते अजून खालीच पाहत होते. "खोटं काऊन बोलू? मनात आलं होतं, की एखांद्या साली ह्या बाईनं बी नापास होऊन पाहावं. हे पाप मनात ठेवूनच बसलो होतो. तीन-चार रोज झाले चांद्यात येऊन. तुमच्या घरावरून दोनदा गेलो, सांगावं म्हून. दोन्ही डाव तसाच पुढं निंगून गेलो. आता तुमीच धावत आल्या, तं मी तोंड कुठी लपवू?"

"आणि बाकीचे? त्यांना तरी तुम्ही सांगायचं होतंत. मी सांगितलं म्हणून बरं, नाही तर नऊ जण..."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"त्याहिले मी तवाच सांगतलं, बाई. संक्रांतीतच. सगळ्याहिले मालूम हाये."

घंटा झाली. फाटकातून मुलं आत जायला लागली. ते नऊ जण थोड्या अंतरावर घोळका करून उभे होते आणि आमच्याकडं पाहत होते. कोणी हसत नव्हतं. त्यांच्यातल्या एकानं हळूच नजर वळवली. मी त्यांना 'पक्की रीत' समजावून सांगितली होती ते मला आठवलं, आणि त्यांनी किती मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं तेही. तीन महिने मी रोज दुपारी त्यांना वाचून दाखवत होते. ते लिहून घेत होते आणि खोलीवर जाऊन माझी चूक दुरुस्त करत होते.

गुरुजी हात जोडून म्हणाले, "चला बाई, उशीर होते." मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

पेपरात उदाहरण आलं होतं. पेंटाक्लोराइडच होता, भांडं फक्त दोन लिटरचं. मी घनफळानं भागलं, उत्तर काढलं, पुन्हा पडताळून पाहिलं. बरोबर होतं. तरी पुढच्या प्रश्नाकडं जाववेना. गुरुजींबद्दलची भीती संपली होती आणि तिच्या जागी जी आली होती तिला मला नाव देता येत नव्हतं. माझ्या पुढच्या बाकांवर दहा जण पाठमोरे लिहीत होते. मी त्या पाठींकडं पाहत राहिले. मी आज नापास झाले असते, तर यांच्यातल्या कोणालाच नवल वाटलं नसतं. एकाला वाईट वाटलं असतं, कदाचित. पण तोही माझ्या घरावरून दोनदा पुढं निघून गेला होता.